प्रवास संपल्यावरही न थांबणारे हेलकावे : एका दुर्मिळ तोलविकाराची पार्श्वभूमी

भुसावळहून हावड्याच्या गाडीने लांबचा प्रवास केलेला किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून जळगावला परतलेला माणूस घरच्या अंथरुणावर पडला की आपण अजून बर्थवरच आहोत असे त्याला वाटते. हा अनुभव खान्देशात कोणालाच नवा नाही. एखाद्या झोपेनंतर, फार तर दोन दिवसांत तो विरून जातो आणि त्यासाठी कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. काही मोजक्या लोकांच्या बाबतीत मात्र हे हेलकावे थांबतच नाहीत. आठवडे, महिने आणि काही वेळा वर्षे उलटली तरी पायाखालची फरशी नावेसारखी डुलत राहते. या विकाराला वैद्यकात ‘माल द देबार्कमाँ सिंड्रोम’ (बोटीवरून उतरल्यावरचा त्रास) असे फ्रेंच नाव असून डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एमडीडीएस म्हणतात.

त्याच्या सौम्य रूपाची नोंद बरीच जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे नामांकित वैद्य होते. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ‘झूनोमिया’ या ग्रंथात भोवळीचा विचार करताना त्यांनी लिहिले की, पाण्यावरच्या हालचालीची सवय जडलेल्या माणसाला किनाऱ्यावर परतल्यानंतर, विशेषतः झोप आणि जाग यांच्या सीमेवर असताना, खोली व तिच्यातील सामान जहाजासारखे हलताना भासते. पुढे १८८१ मध्ये जे. ए. आयर्विन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जहाज लागण्याची कारणमीमांसा मांडली आणि या त्रासाचा संबंध कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जोडला. तरीही त्यानंतरची शंभर वर्षे बोटीवरून उतरल्यावरचे डुलणे ही खलाशांच्या आयुष्यातील किरकोळ बाब मानली गेली. ते डुलणे ज्यांच्या बाबतीत कायम राहिले, त्यांच्या तक्रारीला कोणत्याही पुस्तकात जागा नव्हती.

ती जागा १९८७ मध्ये मिळाली. अमेरिकेतील ब्राउन आणि बालोह या डॉक्टरांनी प्रवासानंतर दीर्घकाळ हेलकावे जाणवणाऱ्या सहा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा स्वतंत्र विकार असल्याचे मांडले. १९९९ मध्ये हेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांत जवळपास सर्व स्त्रिया, त्याही बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या, असल्याचे दिसून आले. बहुतेकींचा त्रास समुद्रपर्यटनानंतर सुरू झाला होता. विमान, रेल्वे आणि मोटारीच्या लांब प्रवासानंतरही हा विकार जडतो, हे आता मान्य झाले आहे.

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, हा विकार प्रत्येक टप्प्यावर रुग्णाच्या सांगण्यातून पुढे आला, यंत्रातून नव्हे. मेंदूचा एमआरआय स्वच्छ येतो, कानाच्या तपासण्यांतही नेमके काही सापडत नाही. रुग्ण मात्र दोन गोष्टी ठामपणे सांगतो. एक म्हणजे खोली गरगर फिरत नाही, तर आपणच पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुलतो. दुसरी त्याहून विलक्षण : चालत्या गाडीत बसले की बरे वाटते आणि गाडी थांबली की त्रास परत येतो. गाडी लागणाऱ्या माणसाचे नेमके याच्या उलट असते.

कारणाचा शोध अजून चालू आहे. ढोबळमानाने सांगायचे तर, सततच्या हालचालीशी जुळवून घेण्यासाठी मेंदू जो बदल करतो, तो प्रवास संपल्यावर उलटवला जात नाही. २०१२ मध्ये डॉ. यून-ही चा यांच्या गटाने पेट स्कॅन या मेंदूचे कार्य दाखवणाऱ्या तपासणीच्या आधारे मेंदूच्या डाव्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागात या रुग्णांची चयापचय क्रिया वाढलेली असल्याचे दाखवले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेतील मिंगजिया दाय आणि बर्नार्ड कोहेन यांनी २०१४ मध्ये उपचाराची एक वेगळीच पद्धत मांडली. रुग्णाच्या भोवती उभ्या पट्ट्यांचे दृश्य संथपणे फिरवत ठेवायचे आणि त्याच वेळी त्याचे डोके त्याच्या हेलकाव्यांच्या तालात एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे कलवायचे, जेणेकरून डोळे आणि कान यांचा बिघडलेला मेळ पुन्हा बसेल. त्यांच्या २४ रुग्णांपैकी १७ जणांना पूर्ण किंवा बराच आराम पडला. अखेर २०२० मध्ये बारानी सोसायटी या तोलविकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने निदानाचे निकष ठरवले : हालचाल थांबल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेले, ४८ तासांहून अधिक टिकलेले आणि पुन्हा वाहनात बसल्यावर तात्पुरते कमी होणारे हेलकावे.

खान्देशाला समुद्र नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे असे समजणे चुकीचे ठरेल. भुसावळ जंक्शनमुळे लांबचा रेल्वेप्रवास येथे घरोघरी आहे आणि नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांना आजही बोटीचाच आधार आहे. चक्कर आली की आपल्याकडे आधी बीपी, मग पित्त, मग मानेचा मणका असा क्रम ठरलेला असतो. एक्स-रे निघतो, गळ्याला पट्टा लागतो आणि तरीही गुण न आल्यास ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. हे शेवटचे वाक्य चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला तर फारच लवकर ऐकवले जाते, आणि या विकाराचे बहुतांश रुग्ण नेमके त्याच वयोगटातले आहेत.

निदान वेळेत व्हायला हवे, याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. त्रास जितका जुना, तितका दाय-कोहेन पद्धतीचा गुण कमी, असे त्यांच्याच पुढील अनुभवातून दिसले. शिवाय उपचाराने बरे झालेल्या काही रुग्णांचे हेलकावे घरी परतण्याच्या लांबच्या प्रवासातच पुन्हा सुरू झाले. त्यामुळे धडगाव-अक्कलकुव्याच्या रुग्णाला मुंबईची वाट दाखवण्यापूर्वी, त्रास कोणत्या प्रवासानंतर सुरू झाला आणि गाडीत बसल्यावर बरे वाटते का, हे दोन प्रश्न धुळे-नंदुरबारच्या ओपीडीतच विचारले जायला हवेत.