लक्षणे नाहीत, की अजून नाहीत?

फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे प्रवासी जहाज अडकून पडले होते. 20 फेब्रुवारीपर्यंत त्यावरचे 634 जण कोरोनाबाधित निघाले. त्यातल्या 328 जणांना नमुना घेतला त्या दिवशी काहीही होत नव्हते. यावरून 'निम्म्या बाधितांना लक्षणेच नसतात' असे म्हणणे सोपे होते, पण चूक होते. त्यातल्या कित्येकांना ताप-खोकला दोन-चार दिवसांनी येणार होता. तेवढी वजाबाकी करून मांडलेल्या अंदाजात शेवटपर्यंत लक्षणविरहित राहणारे सुमारे 18 टक्केच उरले.

इटलीतल्या वो या सुमारे 3,200 वस्तीच्या गावात मोजणी जास्त नीट झाली. टाळेबंदीच्या सुरुवातीला 2,812 जणांचे नमुने घेतले, 73 बाधित सापडले. टाळेबंदीच्या अखेरीस 2,343 पैकी 29. दोन्ही फेऱ्या मिळून 40 टक्क्यांहून जास्त बाधितांना लक्षणे नव्हती, आणि त्यांच्या नाका-घशातला विषाणूभार लक्षणे असलेल्यांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. त्यामुळे नुसती टक्केवारी सांगून भागत नाही. कोणत्या वयाचे लोक तपासले आणि किती दिवस पाठपुरावा केला, हेही विचारावे लागते.

ताप आणि अंगदुखी ही मुख्यतः आपल्या प्रतिकारशक्तीची करामत असते. हा विषाणू शिरल्यावर इंटरफेरॉनचा, म्हणजे बाधित पेशी धोक्याची सूचना म्हणून सोडतात त्या प्रथिनांचा, पहिला इशारा दाबून टाकतो आणि तोवर घशात वाढत राहतो. संसर्गापासून लक्षणांपर्यंत मूळ विषाणूला सरासरी 5 दिवस लागत, पण माणूस त्याच्या साधारण 2 दिवस आधीपासूनच इतरांना बाधित करू शकत असे. 2003 च्या सार्स या श्वसनरोगाचे याच्या उलट होते. त्यात विषाणूभार आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात शिगेला पोचे, तोवर रुग्ण बहुधा रुग्णालयात असे. म्हणूनच ती साथ सुमारे 8,000 रुग्णांवर आटोक्यात आली.

आता एक कागदी हिशेब करू. 100 बाधित 250 जणांना संसर्ग देतात असे धरा. त्यातले 30 लक्षणविरहित, आणि त्यांची पसरवण्याची क्षमता इतरांच्या निम्मी. मग लक्षणे येणारा प्रत्येक जण सुमारे 2.94 जणांना बाधित करतो आणि लक्षणविरहित 1.47 जणांना. समजा, लक्षणे येणाऱ्यांचा निम्मा प्रसार लक्षणांआधीच होतो. अशा 70 जणांना लक्षण दिसताक्षणी, एकही न चुकता, वेगळे केले तरी त्यांच्याकडून 103 आणि उरलेल्या 30 कडून 44 असे 147 नवे बाधित होतातच. दर 5 दिवसांना संसर्गाची एक पिढी (एका बाधिताकडून पुढच्याकडे) धरली तर महिन्याला दहापट! दारात तापमापक रोखून साथ का थांबली नाही, ते इथे दिसते. गंमत म्हणजे या हिशेबात लक्षणविरहितांपेक्षा लक्षणांच्या उंबरठ्यावर असलेलेच जास्त नडतात.

या दोघांना एकाच नावाने संबोधल्यामुळे जून 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचीही पंचाईत झाली. लक्षणविरहितांकडून प्रसार फार विरळ असल्याचे विधान 8 जूनला झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा खुलासा करावा लागला.

चाचणीचीही एक अडचण आहे. आरटी-पीसीआर विषाणूचे जनुकीय तुकडेही पकडते, त्यामुळे बरा झालेला माणूस काही आठवडे 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो. सौम्य आजारात जिवंत विषाणू मात्र साधारण 10 दिवसांनंतर क्वचितच मिळतो. उलट संसर्गानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत हीच चाचणी बऱ्याचदा 'निगेटिव्ह' येते. घरच्या अँटिजेन चाचणीला तर त्याहून जास्त विषाणू लागतो. म्हणून बाधिताच्या संपर्कात आलेल्या, पण लक्षणे नसलेल्या माणसाने ती एकदाच करून निश्चिंत होऊ नये. 48 तासांच्या अंतराने तीनदा करावी.