पार्श्वभूमी : मिनामाताची खाडी आणि यूजीन स्मिथ यांचा कॅमेरा

पाऱ्याचा थर्मामीटर आता फारसा दिसत नाही. पारा वापरातून हद्दपार करण्यासाठी २०१३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतानं त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. कराराचं नाव मिनामाता. जपानच्या क्युशू बेटावरच्या एका लहान बंदराचं हे नाव जगाला ठाऊक झालं, त्यात डब्ल्यू. यूजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराचा वाटा मोठा आहे.

स्मिथ यांचा जन्म १९१८ चा, कॅन्सस राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिक आघाडीवर फोटो काढत होते. मे १९४५ मध्ये ओकिनावात तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा चेहरा आणि हात फाटला. पुढची जवळजवळ दोन वर्षं शस्त्रक्रियांत गेली. त्यानंतरची त्यांची महत्त्वाची कामं पाहिली तर ती पुन्हा पुन्हा दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहतात, आणि मला तो योगायोग वाटत नाही.

१९४८ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी ते कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग गावी डॉ. अर्नेस्ट सेरियानी यांच्यामागे २३ दिवस फिरले. डॉक्टरांना कॅमेऱ्याची सवय व्हावी म्हणून सुरुवातीला त्यांनी फिल्म न घालताच बटण दाबलं. त्या मालिकेतला एक फोटो विसरता येत नाही. बाळंतपणात आई आणि मूल दोघंही गेलेली आहेत, आणि डॉक्टर शस्त्रक्रियेचे कपडे न उतरवताच स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभे आहेत. हातात कॉफीचा कप, नजर कुठेच नाही.

तीन वर्षांनी स्मिथ दक्षिण कॅरोलिनातल्या पाइनव्हिल गावी गेले. तिथं मॉड कॅलन या कृष्णवर्णीय परिचारिका आणि सुईण १९२३ पासून गोरगरिबांची बाळंतपणं करत होत्या. डॉक्टर लांब, रस्ते चिखलाचे, आणि वंशभेद कायद्यानंच चालवलेला. डिसेंबर १९५१ मध्ये फोटो छापून आले आणि वाचकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली. हजारो डॉलर जमले आणि १९५३ मध्ये कॅलनबाईंचा दवाखाना उभा राहिला. फोटोतून विटा-सिमेंटपर्यंतची वाट इतकी सरळ क्वचितच असते.

मिनामाताची वाट तशी नव्हती. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनत होतं. त्यात पाऱ्याचा वापर होई आणि सांडपाणी थेट समुद्रात जाई. त्यातला मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग, माशांत, शिंपल्यांत साठत गेला. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली. मग कोळीवाड्यातल्या माणसांचे हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं, नजर अरुंद झाली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉ. होसोकावा हाजिमे यांनी हा अनोळखी आजार सरकारदरबारी कळवला. १९५९ मध्ये त्यांनी मांजराला कारखान्याचं सांडपाणी घातलेलं अन्न देऊन पाहिलं. प्रयोगातल्या ४०० क्रमांकाच्या त्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीनं तो निष्कर्ष दडपला. सरकारनं कारण अधिकृतपणे मान्य केलं ते सप्टेंबर १९६८ मध्ये. मधली नऊ वर्षं लोक तेच मासे खात राहिले. हे लिहितानाही संताप होतो.

सगळ्यात जीवघेणी गोष्ट पोटातल्या बाळांची. पोटातल्या बाळाला आईशी जोडणारी वार विष अडवते असं तोवर वैद्यकशास्त्र मानत आलं होतं. आयांना फारसा त्रास नाही आणि मुलं मात्र जन्मतः पंगू, हे कसं, याचा पिच्छा डॉ. हाराडा मासाझुमी यांनी घरोघर जाऊन पुरवला. पुढे पुरावा मिळाला तो नाळेतून. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानात ती वाळवून लहानशा डबीत जपून ठेवतात. त्या वाळक्या नाळांमध्ये पारा सापडला.

स्मिथ आले ते १९७१ मध्ये, पत्नी आयलीन यांच्यासह. कुवाबारा शिसेई या जपानी छायाचित्रकारानं तर १९६० पासूनच इथं फोटो काढायला सुरुवात केली होती, आणि रुग्णांचा खटला १९६९ पासून कोर्टात होता. तेव्हा मिनामाता स्मिथ यांनी ‘शोधलं’ असं म्हणणं या सगळ्यांवर अन्याय आहे. त्यांचं मोठेपण मुक्काम ठोकण्यात आहे. तीन महिन्यांसाठी आलेलं हे जोडपं तीन वर्षं भाड्याच्या घरात राहिलं. जानेवारी १९७२ मध्ये कंपनीच्या गोई इथल्या कारखान्यात, रुग्णांसोबत गेलेले असताना, कामगारांनी स्मिथ यांना बेदम मारलं. त्या दुखण्यानं त्यांना शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी तो फोटो काढला होता. अंधाऱ्या न्हाणीघरात आई आपल्या लेकीला हातांवर तोलून आंघोळ घालते आहे. मुलगी जन्मतः आजारी होती. माझ्या पोटातलं विष हिनं स्वतःवर घेतलं, म्हणून मी आणि हिची धाकटी भावंडं धडधाकट राहिलो, असं आई मानायची आणि तिला घराचा ठेवा म्हणायची. फोटोनं कुणाचं तरी भलं होईल या आशेनं तिनं होकार दिला होता. जून १९७२ मध्ये तो ‘लाइफ’मध्ये आला आणि जगभर गेला. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयानं कंपनीला दोषी ठरवलं आणि रुग्णांना १.६ ते १.८ कोटी येन भरपाई दिली. हा विजय रुग्णांच्या चिकाटीचा होता. फोटोनं त्यांच्यामागे जगाची नजर उभी केली.

ती मुलगी १९७७ मध्ये, एकविसाव्या वर्षी गेली. पुढच्याच वर्षी स्मिथ गेले. फोटो मात्र भित्तिपत्रकांवर, पुस्तकांत, प्रदर्शनांत फिरत राहिला. आता तिला विसावू द्यावं, असं आईवडिलांना वाटू लागलं. १९९८ मध्ये आयलीन यांनी त्या फोटोबद्दलचा निर्णय त्यांच्या हाती दिला आणि तो नव्यानं प्रसिद्ध होऊ न देण्याचं ठरलं. म्हणूनच या टिपणासोबत तो फोटो नाही, आणि त्या मुलीचं नावही मी लिहिलेलं नाही.