शहरी तलावाची पाळ : देखभाल व दुरुस्ती

फिरायला, नौकाविहाराला, गळ टाकायला लोक ज्या तलावावर जातात, त्यांतल्या पुष्कळांचे पाणी मातीच्या बांधाने अडवलेले असते. विदर्भात या बांधाला पाळ म्हणतात. जलसंपदा खात्याच्या कागदावर तेच मातीचे धरण. नागपूरचा अंबाझरी तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. येणाऱ्यांची नजर पाण्याकडे असते. पाळीचे दुखणे मात्र बहुधा पाण्याच्या उलट बाजूला, खालच्या उताराच्या पायथ्याशी किंवा सांडव्यात सुरू होते. त्यामुळे सुशोभीकरणाच्या आराखड्यात हे दोन भाग झाकले गेले, तर तलाव देखणा होतो आणि पाळ तपासणे अवघड होऊन बसते.

रचना. पाळीच्या मध्यभागी पाणी अडवणारा चिकण मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण. पाण्याकडचा उतार (उभे : आडवे) साधारण 1:2.5 ते 1:3, बाहेरचा 1:2 च्या आसपास. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार सोसायला सुमारे 30 सेंमी जाडीचे दगडी पिचिंग, म्हणजे हाताने रचलेल्या दगडांचा थर, असतो. त्याखाली 15 ते 20 सेंमी खडी-वाळूचा गाळण थर हवाच. तो नसेल तर लाट परतताना दगडांच्या फटींतून माती ओढून नेते आणि वरचे दगड बसत जातात. बसलेल्या पिचिंगवर काँक्रीट ओतणे ही नेहमीची चूक आहे. दगड काढून, गाळण थर नव्याने अंथरून, तेच दगड हाताने घट्ट रचणे ही खरी दुरुस्ती.

सांडवा. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की बाहेरचा उतार काही तासांत कापला जातो. म्हणून जादा पाणी पाळीला धक्का न लावता बाहेर नेणारा सांडवा हा सर्वांत महत्त्वाचा भाग. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर सांडव्याच्या पुढ्यात उभारलेल्या विवेकानंद स्मारकाच्या अडथळ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. लहान तलावांवर अडथळे साधे असतात: मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला बांधलेली जाळी, जास्त पाणी साठावे म्हणून रचलेल्या वाळूच्या गोण्या, वाहत आलेली जलपर्णी. सांडव्याचा माथा असा अर्धा मीटर उंचावला की पाळीची मोकळी उंची (भरलेल्या तलावाच्या पाण्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंतची) तेवढीच घटते, आणि लहान पाळींवर ती मुळात एक-दीड मीटरच असते. जाळी लावू नये, हा नियम मासेमारीच्या ठेक्यातच लिहून घ्यावा.

झाडे. पाळीवरची झाडी हा शहरात सर्वांत भावनिक मुद्दा ठरतो. झाडांवर माया असणे योग्यच आहे, पण पाळ ही त्यांची जागा नव्हे. वादळात झाड उन्मळले की मुळांबरोबर भरावाचा मोठा गोळा निघतो. झाड मेले की मुळे कुजून पोकळ नळ्या उरतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. बुंधा 10 सेंमीहून जाड असेल तर झाड नुसते कापून भागत नाही. पाणी खाली उतरवून बुंधा मुख्य मुळांसकट खणून काढावा लागतो आणि खड्डा दाबलेल्या मातीने थराथराने भरावा लागतो. पाळीवर फक्त आखूड गवत ठेवावे, पायथ्यापासून सात-आठ मीटर पट्टा मोकळा सोडावा. नवी झाडे त्यापलीकडे लावावीत.

झिरपा. मातीच्या पाळीतून थोडे पाणी झिरपणारच. पाहायचे असते ते त्याचे प्रमाण आणि रंग. पायथ्याच्या चरात व्ही आकाराची, 90 अंशांची खाच असलेला पत्रा बसवावा. खाचेवर पाण्याची उंची 5 सेंमी असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे 0.8 लिटर, आणि 10 सेंमी असेल तर 4.4 लिटर, म्हणजे उंची दुप्पट होताच प्रवाह साडेपाचपटीहून अधिक होतो. तलावाच्या पातळीसोबत ही नोंद आठवड्याला, पावसाळ्यात रोज करावी. पातळी तीच असताना झिरपा वाढला, किंवा पाणी गढूळ आले, तर आतून माती वाहून चालली आहे असे समजावे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. त्याच्या गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

पायथ्याशी पाणी उकळी फुटल्यासारखे वर येत असेल तर तिथे माती कोंबून ते बुजवू नये. कोंडलेले पाणी शेजारी दुसरीकडे फुटते. उकळीभोवती वाळूच्या गोण्यांचे कडे करून आत पाणी चढू द्यावे, माती येणे थांबेपर्यंत. जागा पसरट असेल तर आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असा उलटा गाळण थर द्यावा, म्हणजे पाणी जाते पण माती अडते. त्याच वेळी तलावाची पातळी उतरवायला घ्यावी आणि खालच्या वस्तीला कळवावे. उतरवण्याचा वेग मात्र, पाळ फुटण्याचा धोका समोर नसेल तर, दिवसाला 30 सेंमीच्या आत असावा. एकदम पाणी सोडले तर भिजलेल्या आतल्या उताराचा आधार जातो आणि तो घसरतो.

भेगा, बिळे आणि विमोचक. काळ्या मातीच्या पाळीला उन्हाळ्यात माथ्यावर भेगा पडतात. भेगेत चुन्याचे पाणी ओतून खणत गेले की पांढरी रेघ कुठवर जाते ते दिसते. त्याखाली 30 सेंमी खणून, चर तशाच मातीने भरून, वर मुरमाचा थर द्यावा. घुशी आणि खेकड्यांची बिळेही अशीच शेवटपर्यंत उघडून भरायची. तोंडाशी ढेकूळ ठोकल्याने काहीच साधत नाही. जुन्या उताराला नवा भराव जोडताना आधी गवत-माती खरवडून पायऱ्या कापाव्यात. माती 20 ते 25 सेंमीच्या थरांत पसरावी, योग्य ओलाव्यावर रोलरने दाबून थर सुमारे 15 सेंमीवर आणावा आणि घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या किमान 95 टक्के असल्याची खात्री करावी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, हा जागेवरचा अंदाज.

पाणी सोडणारा विमोचक पाळीच्या पोटातून जातो, आणि नळ व माती यांचा सांधा हा कायमचा नाजूक भाग. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा भराव खचला तो विमोचकाच्या मार्गावरच. दरवाजा वर्षातून किमान दोनदा पूर्ण उघडून मिटावा, आट्याच्या दांड्याला ग्रीस द्यावे, तोंडावरची जाळी साफ करावी. वर्षानुवर्षे न हललेला दरवाजा ऐन पुरात उघडत नाही.

गाळ व जलपर्णी. गाळ काढताना पोकलेन पाळीच्या आतल्या पायथ्याजवळ नेऊ नये. तिथे साचलेला चिकण गाळ झिरपा रोखतो. मूळ तळाच्या खालीही खणू नये. सांडपाणी येणाऱ्या तलावाचा गाळ जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय शेतात टाकू नये. जलपर्णी अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट पसरू शकते आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते, म्हणून ती फुलण्याआधी काढावी आणि काठावर न ठेवता दूर न्यावी. सांडपाण्याचे नाले वळवले नाहीत तर हा खर्च दरवर्षी करावा लागतो.

तपासणी. धरण सुरक्षा अधिनियम 2021 नुसार पावसाळ्याआधी व नंतर तपासणी बंधनकारक आहे; पण हा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरपैकी लांबी, साठा किंवा पूरविसर्ग यांसारख्या अटींत बसणाऱ्यांनाच लागू होतो. बरेच लहान तलाव त्याबाहेर राहतात, आणि त्यांची तपासणी पालिकेने किंवा ग्रामपंचायतीने स्वतःहून मे अखेरीस आणि ऑक्टोबरात करायची असते. पाळीच्या माथ्यावरून, आतल्या पाणरेषेवरून आणि बाहेरच्या पायथ्यावरून अशा तीन वेगळ्या फेऱ्या माराव्यात, दर वर्षी त्याच ठिकाणांवरून छायाचित्रे काढावीत आणि ओल दिसेल तिथे खुंटी ठोकून तारीख लिहावी.