दाद न देणारा टीबी: एकेक औषध वाढवण्याची जुनी खोड

डिसेंबर 2011मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचं एक छोटंसं पत्र वैद्यकीय नियतकालिकात आलं. रुग्ण चार, आणि जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ या शब्दावरून गदारोळ उडाला, सरकारने तो शब्दच नाकारला. यांतल्या तिघांनी आधी कितीतरी खासगी दवाखान्यांत चुकीच्या मात्रेत औषधं घेतली होती, याची चर्चा मात्र कमीच झाली.

एकेक औषध वाढवण्याची ही खोड जुनी आहे. फुप्फुसात टीबीने पोखरलेल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. त्यांत साधारण दहा लाखांत एक जंतू मुळातच आयसोनियाझिड या टीबीच्या मुख्य औषधाला न जुमानणारा. एकटं औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हा एक उरतो, वाढतो. ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या टीबीच्या औषधाच्या चाचणीत हे 1948 सालीच दिसलं होतं. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 55 जणांपैकी 4 दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. पण अनेकांचे जंतू लवकरच औषधाला सरावले आणि पुढच्या काही वर्षांत हा फरक बराचसा पुसला गेला. तेव्हापासून नियम ठरला: औषधं एकत्रच द्यायची.

नियम पाळला कुणी? 1991च्या एका पाहणीत मुंबईतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी 80 वेगवेगळे औषधोपचार लिहून दिले. सरकारी कार्यक्रमही धुतल्या तांदळासारखा नव्हता. टीबी उलटलेल्या रुग्णाला ‘कॅटेगरी दोन’ मिळायची, म्हणजे जुन्याच गोळ्या आणि वर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. पहिल्या गोळ्या निकामी झाल्या असतील तर हे एकटं औषध देण्यासारखंच. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत 2017मध्ये बंद करायला सांगितली.

जंतू कशाला दाद देतो हे कळायलाच उशीर लागे, हेही खरं. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो. अंडं घालून केलेल्या हिरवट माध्यमाच्या बाटलीत बेडका पेरायचा आणि फुलकोबीसारखे पिवळट पुंजके दिसेपर्यंत सहा-आठ आठवडे थांबायचं. औषधांची चाचणी त्यानंतर. तोवर रुग्ण अंदाजाने दिलेल्या गोळ्या खात घरच्यांसोबत एकाच खोलीत. 2010च्या अखेरीस जागतिक मान्यता मिळालेल्या जीनएक्स्पर्ट या जंतूची जनुकं तपासणाऱ्या यंत्राने, आपल्याकडच्या सीबीनॅटने, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का याचा निकाल दोन तासांवर आणला. त्यानंतर गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं असंच यंत्र, ट्रूनॅट, आलं, ते तालुक्याच्या ठिकाणीही नेता येतं.

दाद न देणाऱ्या टीबीचे उपचार तेव्हाही दीड-दोन वर्षांचे. त्यात कॅनामायसिनची रोजची इंजेक्शनं, ज्यांनी कित्येकांचे कान गेले. बेडाक्विलिन हे नवं औषध भारतात 2016मध्ये मोजक्याच केंद्रांवर आलं. पाटण्याच्या एका मुलीच्या वडिलांना ते मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. 2024मध्ये केंद्राने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चौकडीला मंजुरी दिली: फक्त गोळ्या, सहा महिने.

पण बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही आता सापडू लागलेत. ते सीबीनॅटच्या कार्ट्रिजला ओळखता येत नाहीत. त्यासाठी बहुतेक ठिकाणी अजून कल्चरच लावावं लागतं, म्हणजे बाटलीत जंतू वाढवून पाहावे लागतात, आणि निकालासाठी काही आठवडे थांबावं लागतं.