पगारातली तफावत आणि स्वभावाचा गुणाकार

स्थलांतरितांची मुले नव्या देशात जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, तरी अनेक देशांत त्यांना सरासरी पगार कमी मिळतो. कारण विचारले की उत्तर तयार असते: 'त्यांचा स्वभावच तसा.' हे उत्तर आकड्यांनी तपासता येते.

स्वभाव मोजताना बहुधा पाच घटक घेतात: कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, नवेपणाची ओढ आणि भावनिक अस्थिरता. जर्मनीत 1984 पासून चालू असलेल्या घरोघरच्या सामाजिक-आर्थिक पाहणीत 2005 साली त्यासाठी 15 विधाने घातली, प्रत्येक घटकाला तीन, उत्तर 1 ते 7 मध्ये. राशीवरून स्वभाव सांगणे किंवा माणसांना सोळा साच्यांत कोंबणे याच्याशी या मोजमापाचे काही नाते नाही.

पुढची रीत फार सुंदर आहे. रोनाल्ड वाहाका आणि अॅलन ब्लाइंडर यांनी 1973 मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. स्थलांतरितांची मुले आणि बाकीचे, अशा दोन्ही गटांसाठी वेगळे समीकरण मांडायचे: एका बाजूला तासाच्या वेतनाचा लॉगरिदम (त्यातला छोटा फरक साधारण टक्केवारीतला फरक म्हणून वाचता येतो, 0.10 म्हणजे सुमारे 10 टक्के), दुसऱ्या बाजूला शिक्षण, अनुभव, स्वभावघटक. प्रत्येक घटकाला एक गुणक मिळतो, म्हणजे बाजारात त्याला मिळणारा भाव. आता दोन गटांच्या सरासरीतला फरक या गुणकाने गुणायचा. समजा तफावत 0.10 आहे, कर्तव्यदक्षतेतला फरक 0.2 प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) आणि गुणक 0.03. गुणाकार 0.006, म्हणजे तफावतीचा फक्त 6 टक्के भाग. फरक मोठा असून भाव नसेल, किंवा भाव असून फरक नसेल, तर हाती शून्य. आणि गुणक कोणाचा घ्यायचा? दुसऱ्या गटात तो 0.01 असेल तर उत्तर 0.002 वर येते. म्हणून दोन्ही उत्तरे द्यावीत. गुणकांमधल्या फरकातून येणारा हिस्सा वेगळा दाखवतात. तो थेट भेदभावाचा पुरावा मात्र नव्हे, कारण न मोजलेल्या गोष्टीही त्यात मिसळतात.

मोजमापही फसते. माणूस स्वतःला आपल्या माणसांशी ताडून गुण देतो. कष्टाळू घरातला मुलगा स्वतःला मध्यमच ठरवतो. बेकारीने स्वभावही बदलतो, म्हणून गुण नोकरीआधीचे हवेत.

लिओ कास आणि ख्रिस्तियान मांगर यांचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांसाठीच्या उमेदवारीच्या (इंटर्नशिपच्या) जर्मनीतल्या 528 जाहिरातींना त्यांनी तुल्यबळ अर्जांच्या जोड्या पाठवल्या, एकावर जर्मन नाव, दुसऱ्यावर तुर्की. जर्मन नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे 14 टक्के जास्त निघाली. पण स्वभावाबद्दल चांगले लिहिलेले शिफारसपत्र सोबत असलेल्या अर्जांत हा फरक उरला नाही. नाव वाचून स्वभावाचा अंदाज बांधणारा मालकच होता.