कूगर आणि कायोटी यांच्यातलं वैर

कूगर आणि कायोटी यांच्यातलं वैर म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, एकाच डोंगरात राहणाऱ्या दोन शिकारी प्राण्यांची कायमची ओढाताण. कूगर हे मोठं मांजर, नर साधारण ५५ ते ७० किलोचा आणि मादी त्याहून बरीच हलकी. कायोटी कुत्र्याच्या कुळातला, आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा बराच लहान, वजन साधारण १० ते १५ किलो. वजनातला फरक बघितला तर एकास एक लढतीचा निकाल काय लागणार हे सांगायलाच नको, पण याला साप-मुंगसासारखं वैर समजलं की गल्लत होते, कारण हे दोघं एकमेकांना शोधत फिरत नाहीत. त्यांची गाठ बहुतेक वेळा पडते ती एका मेलेल्या हरणापाशी, आणि ते हरण कूगरने मारलेलं असतं.

नावांचा घोळ आधी मिटवू. कूगर, प्युमा आणि माउंटन लायन हे तीन वेगळे प्राणी नाहीत, एकच प्राणी आहे, आणि फ्लोरिडात त्यालाच पँथर म्हणतात. कॅनडाच्या युकॉनपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत तो सापडतो, त्यामुळे जिथे गेला तिथे त्याला नवं नाव मिळालं. इतका मोठा असूनही त्याला वाघ-सिंहासारखी डरकाळी फोडता येत नाही, तो घरच्या मांजरासारखा गुरगुरतो. कायोटी हे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलंय. त्याचं शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा, आणि रात्री त्यांची कोल्हेकुई ज्याने ऐकलीय त्याला हे नाव लगेच पटेल.

मढ्याभोवतीचं भांडण

कूगर दबा धरून शिकार करतो. लांब पाठलाग करायचा दम त्याच्यात नसतो, जवळ सरकायचं, एक-दोन उड्यांत हरणाच्या अंगावर जायचं आणि मानगूट किंवा नरडं धरायचं, एवढंच तंत्र. हरीण एका बैठकीत संपत नाही म्हणून तो ते ओढत झाडाखाली नेतो, वर पालापाचोळा, माती, हिवाळ्यात बर्फ ओढून झाकून ठेवतो आणि पुढचे काही दिवस जवळपासच थांबून खात राहतो. हे झाकणं जितकं माश्या आणि उन्हापासून असतं तितकंच चोरांपासूनही असतं. चोर मात्र नाकाने शोधत येतातच. कायोटी, कोल्हे, कावळे, मॅगपाय, गरुड, अस्वल सगळे येतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या आसपासच्या डोंगरांत कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात कूगरच्या शिकारीवर ३९ जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी जेवताना दिसले, आणि त्याच भागात नंतर मढ्यांवरचे भुंगे मोजले तेव्हा २१५ जाती निघाल्या. एका मांजराच्या शिकारीवर एवढा पसारा जगतो हे मला स्वतःला या सगळ्या विषयातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं.

कायोटीला यात फायदा उघड आहे, धडधाकट मोठं हरीण मारणं त्याच्या एकट्याच्या आवाक्यातलं नसतं आणि इथे मांस आयतं मिळतं. पण मालक लांब गेलेला नसतो. तो वीस-पंचवीस पावलांवर झुडपात पडलेला असू शकतो आणि कायोटीचं तोंड मांसात असताना त्याचा कान आणि डोळा कमी पडतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या डोंगरी भागातल्या जुन्या अभ्यासात कूगरने मारलेले कायोटी आणि बॉबकॅट (तिथलं छोटं रानमांजर) सापडले ते बरेचसे असेच कूगरच्या साठवलेल्या शिकारीजवळ. कधी कूगर मारलेला कायोटी खातो, कधी नुसता मारून टाकून देतो, आणि टाकून दिलेला कायोटी बघितला की कळतं की हे भुकेचं नसून शिकार राखण्याचं काम होतं. अभ्यासक याला जीवघेणं आकर्षण म्हणतात. मोठ्या शिकाऱ्याचं उष्टं लहान शिकाऱ्याला ओढून आणतं आणि तिथेच त्याचा जीव जातो, म्हणजे पोट भरण्याची आणि मरण्याची जागा एकच.

कायोटी पण मूर्ख नाही. तो एक घास खातो, मान वर करतो, पुन्हा एक घास, पुन्हा मान वर. दोन-तीन जण असले तर एकजण लक्ष ठेवतो. कूगर सहसा एकटा असतो आणि त्याला स्वतःला जखम झालेली परवडत नाही, कारण पाय दुखावलेलं मांजर शिकार करू शकत नाही आणि त्याला आणून देणारं कोणी नसतं, कळप असलेल्या प्राण्याचं तसं नाही. त्यामुळे टोळीने त्रास दिला तर मोठा कूगरसुद्धा कधीकधी मागे सरतो. पिल्लं असलेल्या मादीची गोष्ट आणखी नाजूक, तिची पिल्लं दीड-दोन वर्षं तिच्याबरोबर असतात आणि लहानपणी त्यांना एकटं सोडूनच तिला शिकारीला जावं लागतं.

लांडगा आला की गणित बदलतं

दोघांच्या नात्यात तिसरा घटक लांडगा, आणि हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये. हे पार्क १८७२ चं, पण तिथेसुद्धा शिकारी प्राणी म्हणजे उपद्रव असं समजून त्यांना मारण्याचं धोरण होतं. १९२६ पर्यंत तिथले लांडगे संपवले गेले, कूगरही जवळपास गेले. कायोटीही मारले जात होते पण ते टिकले, आणि वर कोणी उरलं नाही म्हणून पुढे तेच तिथले मोठे कुत्रे झाले. कूगर १९८० च्या दशकात आपणहून उत्तर भागात परत आले. मग १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले.

पहिल्या काही वर्षांत पार्कच्या उत्तर भागातले कायोटी जवळपास निम्म्याने कमी झाले, त्यांच्या टोळ्या लहान झाल्या, आणि मेले ते बहुतेक लांडग्यांच्या शिकारीपाशी. पुन्हा तीच गोष्ट, मढ्याजवळ. कूगरवर परिणाम झाला पण वेगळ्या प्रकारे. लांडग्यांची टोळी कूगरला झाडावर चढवते, त्याची शिकार हिसकावते, संधी मिळाली तर पिल्लं मारते, म्हणून कूगरने मोकळी खोरी सोडली आणि खडकाळ, उताराची, झाडीची जागा धरली जिथे टोळीचा जोर चालत नाही आणि दबा धरणाऱ्याचा चालतो. म्हणजे कायोटीवर दादागिरी करणारा कूगर लांडग्यासमोर स्वतः कायोटीच्या जागी येतो. अस्वलासमोर तर तो बहुतेक वेळा भांडतच नाही, शिकार सोडून निघून जातो आणि त्याची भरपाई म्हणून दुसरं हरीण मारतो.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपिरियर या मोठ्या सरोवरातल्या आइल रोयाल बेटावर याच्याही पुढची पायरी दिसली. १९४० च्या दशकाच्या शेवटी तिथे लांडगे पोचले आणि पुढच्या दशकात कायोटी त्या बेटावरून पूर्ण नाहीसे झाले. बेटावरून पळून जायला जागा नसते.

मोठे गेले की मधले माजतात

उलटी बाजू पण तितकीच महत्त्वाची. विसाव्या शतकात लांडगे आणि कूगर मारले गेले तसा कायोटी पसरत गेला, मूळचा गवताळ आणि कोरड्या प्रदेशातला प्राणी आज अलास्कापासून पनामापर्यंत आणि न्यूयॉर्क-शिकागोसारख्या शहरांतही आहे. अमेरिकेच्या सरकारने त्याला मारण्यावर प्रचंड खर्च केला, विषं घातली (सरकारी जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरणं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये बंद केलं), तरी तो हटला नाही. वरचा शिकारी गेला की मधला शिकारी वाढतो आणि त्याच्या खालच्यांवर ताण येतो, या कल्पनेला नाव मिळालं ते कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या घळींमधल्या पक्ष्यांच्या अभ्यासातून. तिथे साखळीच्या वरच्या टोकाला कायोटीच होता. ज्या घळीत कायोटी होते तिथे पाळीव मांजरं कमी फिरायची आणि छोटे पक्षी टिकले होते, जिथे कायोटी नव्हते तिथे मांजरांनी पक्षी संपवले.

माणूस हा या सगळ्यातला सगळ्यात वरचा भाग, आणि तो लोकांच्या लक्षातच येत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या उत्तर भागात लांडगे, कूगर, कायोटी आणि बॉबकॅट या सगळ्यांना ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावून केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात असं दिसलं की मोठे शिकारी जवळ आले की कायोटी आणि बॉबकॅट माणसांच्या वस्तीकडे सरकतात, बहुधा तिथे लांडगा-कूगर येणार नाही या हिशोबाने, आणि मग माणसाच्या हातून मरतात, मोठ्या शिकाऱ्यांनी मारलेल्यांच्या तिपटीहून जास्त. कूगरचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझच्या डोंगरांत संशोधकांनी कूगरच्या शिकारीपाशी स्पीकर ठेवून माणसांच्या बोलण्याचे आवाज वाजवले तर कूगर पळून जायचे आणि त्या शिकारीवर खाण्याचा वेळ निम्म्याहून कमी व्हायचा, बेडकांचे आवाज वाजवले तर त्यांना काही फरक पडायचा नाही.

लॉस एंजेलिसमध्ये हे नातं विषापर्यंत गेलं. तिथल्या ग्रिफिथ पार्कमध्ये पी-२२ नावाने ओळखला जाणारा कूगर दोन मोठे फ्रीवे ओलांडून येऊन राहिला, २०१२ पासून डिसेंबर २०२२ मध्ये मरेपर्यंत शहराच्या मध्यावर एकटाच. त्या भागातले कूगर मुख्यतः म्यूल डिअर (तिथलं हरीण) खातात, पण कायोटी आणि रकूनही खातात. कायोटी उंदीर खातात, उंदरांनी घराघरांतलं उंदीरनाशक खाल्लेलं असतं, आणि अशी साखळी चढत ते विष कूगरच्या रक्तात पोचत असावं असं तिथल्या अभ्यासकांना वाटतं. २०१४ मध्ये पी-२२ ला खरूज झाली तेव्हा त्याच्या रक्तात हे विष सापडलं होतं. या सगळ्यानंतर कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून जास्त घातक उंदीरनाशकांच्या वापरावर बंधनं आणली. म्हणजे इथे कूगरने कायोटीला मारलं तरी नुकसान दोघांचंही.

आपल्याकडचं साम्य

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. ताडोबा-मेळघाटात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे एकाच जंगलात राहतात, वाघ बिबट्याला कडेला ढकलतो, रानकुत्र्यांची टोळी बिबट्याला झाडावर चढवते, आणि बिबट्या शिकार फांदीवर नेऊन ठेवतो ते याच चोरांच्या भीतीने. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात तर त्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. मोठ्या मांजराने कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्याला मारणं दोन्हीकडे आहे, फरक इतकाच की आपला बिबट्या कुत्रा खायलाच धरतो आणि तिकडचा कूगर बऱ्याचदा आपलं हरीण राखायला कायोटीला मारतो.