सब्जाचं वाळवंटी भावंड

रंकाळ्यावर फालुदा खाताना जिभेवरून सटकणारा सब्जा आपल्या ओळखीचा. त्याचं एक चुलत भावंड अमेरिकेच्या नैर्ऋत्येला मोहावी आणि सोनोरा वाळवंटांत उगवतं. नाव गोल्डन चिया, शास्त्रीय नाव साल्व्हिया कोलंबेरी. दोघंही तुळशीच्या कुळातले. हिवाळी पावसावर रोप धरतं, मार्च ते जून एकाच दांड्यावर निळ्या फुलांचे गोंडे मजल्यावर मजला चढवावा तसे येतात आणि ऊन तापलं की झाड बी सांडून मोकळं.

सब्जाचे चार दाणे बशीत भिजवा आणि भिंग धरा. बघता बघता प्रत्येक दाण्याभोवती धुरकट कडं येतं. सालीच्या बाहेरच्या पेशींत शर्करेच्या लांबलचक साखळ्या कोरड्या ठासलेल्या असतात. पाणी लागलं की त्या फुगतात, पेशी फोडतात आणि बुळबुळीत थर बाहेर येतो. चियाचंही तेच. वाळवंटात या थराला वाळू चिकटते. वाळूचा अंगरखा घातलेलं बी मुंग्यांना ओढून नेणं जड जातं, वाऱ्यानंही उडत नाही आणि मिळालेली ओल जरा जास्त टिकते. पोटाला थंडावा वगैरे आपण नंतर शोधलं.

तिथल्या काहुइया आणि चुमाश या मूळ अमेरिकी लोकांनी मात्र या बियांचं मोल फार आधीच हेरलं होतं. पसरट टोपलीत झाड झोडपून बी पाडायचं, निखाऱ्यांबरोबर हलवून भाजायचं, दळायचं. आपलं सातूचं पीठच म्हणा ना! पुढच्या वर्षी बी भरपूर यावं म्हणून ते रानही जाळत, कारण जळक्या लाकडाच्या अंशाने हे बी चांगलं रुजतं. डोळ्यात कचरा गेला तर रात्री पापणीखाली एक दाणा ठेवत; थर सुटायचा आणि कचरा त्याला चिकटून यायचा. (हे घरी करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.) गोल्डन चियाच्या मुळांमध्ये टॅनशिनोन नावाची द्रव्यं सापडली आहेत, चिनी औषधातल्या दानशेनमध्ये असतात तीच. दानशेन रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवतं, त्यामुळे ती गोळी चालू असणाऱ्यांनी मुळाच्या काढ्याच्या वाटेला जाऊ नये.

परदेशातून बी आणायला क्वारंटाईनचा परवाना लागतो. म्हणून मी दुकानातला मेक्सिकन चिया कुंडीत लावला, तोही जूनमध्ये. झाड कंबरेला लागलं, पण फुलाचा पत्ता नाही. दिवस बारा तासांच्या खाली उतरल्याशिवाय हा गडी फुलतच नाही, हे मला दसऱ्यानंतर तुरे दिसल्यावर कळलं. वाळवंटी भावंडाचं वेळापत्रक उलटं, वाढत्या दिवसांचं. शिवाय आपल्या काळ्या मातीत त्याची मुळं कुजतील. त्याला मुरूम आणि वाळू हवी, दिवाळीनंतरची पेरणी हवी, आणि बी पुरायचं नाही, नुसतं वर दाबायचं.

खायचा झाला तर चिया आधी भिजवाच. अमेरिकेत एकाने कोरडा चमचा तोंडात टाकून वर पाणी प्यायलं. बी अन्ननलिकेत फुगून अडकलं आणि दुर्बिणीने थोडं थोडं पोटात ढकलावं लागलं.